केशपुटकाच्या पुनर्निर्मितीचा शोध : टकलावरील पेशी-उपचारांचा इतिहास

विषयप्रवेश

टकलाचा विषय निघाला की सुशिक्षितांच्या बैठकीतही त्याची बोळवण बहुधा एखाद्या विनोदाने होते. वैद्यकाच्या इतिहासलेखनातही या विषयाच्या वाट्याला फारशी पृष्ठे आलेली नाहीत. वास्तविक ज्या सूक्ष्म रचनेतून केस उगवतो तो केशपुटक हा जीवशास्त्रदृष्ट्या अतिशय विलक्षण अवयव आहे. जन्मानंतर आयुष्यभर ठरावीक क्रमाने मोडणारा आणि पुन्हा घडणारा असा दुसरा अवयव प्रौढ मानवी देहात क्वचितच सापडेल. डोक्यावरील सुमारे एक लक्ष केशपुटकांपैकी प्रत्येक जण काही वर्षे वाढतो, काही आठवडे आकसतो, काही महिने विसावतो आणि पुन्हा नव्याने वाढीस लागतो. हे पुनर्निर्माण निसर्ग जर रोज करीत असेल, तर ते माणसाला हेतुपूर्वक का करता येऊ नये, हा प्रश्न गेली साठ वर्षे संशोधकांपुढे आहे.

या प्रश्नाचे पहिले होकारार्थी उत्तर १९८४ साली मिळाले. प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशी त्वचेत घातल्या असता केस उगवू शकतो, हे त्या वर्षी सिद्ध झाले. त्यानंतर चार दशके उलटली. तरीही माणसाच्या डोक्यावर नवे केशपुटक निर्माण करणारा, औषध-नियंत्रकांची सर्वसाधारण मान्यता लाभलेला पेशी-उपचार अद्याप अस्तित्वात नाही. सिद्धान्त आणि उपचार यांच्यामधील हे अंतर कसे पडले, त्यात विज्ञानाचा भाग किती आणि बाजाराचा किती, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पूर्वपीठिका

षंढांना टक्कल पडत नाही, हे निरीक्षण हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या सूत्रांत आढळते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांच्या अध्यायात इंद्रलुप्ताचे वर्णन आहे. वातासह पित्त रोमकूपांत शिरून केस गळवते आणि नंतर रक्तासह कफ ते रोमकूप बंद करतो, म्हणून तेथे पुन्हा केस येत नाही, असे त्यात म्हटले आहे. दोषांची परिभाषा बाजूला ठेवली तरी येथे केस गळणे आणि केस पुन्हा न उगवणे या दोन वेगळ्या घटना मानल्या आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. हाच भेद विसाव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा महत्त्वाचा ठरला.

आधुनिक मीमांसेचा पाया अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये घातला. वयात येण्यापूर्वी पुंस्त्वग्रंथी काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, मात्र त्यांना पुरुषी संप्रेरक दिले असता ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांना ते पडू लागते, असे त्यांनी दाखवून दिले. संप्रेरक आणि आनुवंशिकता या दोहोंचा संयोग टकलाच्या मुळाशी आहे, हे यावरून स्पष्ट झाले.

शस्त्रक्रियेची वाट याच सुमारास दुसरीकडे उघडत होती. जपानमधील ओकुदा या वैद्यांनी १९३९ मध्ये केसयुक्त त्वचेचे लहान गोल तुकडे काढून केस नसलेल्या जागी बसविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. लेख जपानी भाषेत होता आणि लगेच महायुद्ध पेटले, त्यामुळे पाश्चात्त्य जगाला त्याचा पत्ता लागला नाही. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेन्ट्राइख यांनी १९५९ साली स्वतंत्रपणे तेच कार्य प्रसिद्ध केले आणि त्यासोबत एक तत्त्वही मांडले. डोक्याच्या मागच्या पट्ट्यातील केशपुटक टकलाच्या जागी नेऊन लावला तरी तो आपला मूळ स्वभाव सोडत नाही, तो तेथेही वाढतच राहतो. म्हणजे टकलाचा दोष जमिनीत नसून रोपात आहे. आजवरचे सर्व केशप्रत्यारोपण याच तत्त्वावर उभे आहे.

मात्र या पद्धतीची मर्यादाही याच तत्त्वात आहे. भाताच्या लावणीत रोपे एका वाफ्यातून उपटून दुसरीकडे लावली जातात, त्यामुळे रोपांची एकूण संख्या वाढत नाही. प्रत्यारोपणाचेही तसेच आहे. मागच्या पट्ट्यातील केशपुटके मोजकी असतात. ज्याचे टक्कल विस्तृत आहे किंवा ज्याची सगळीच त्वचा भाजलेली आहे, त्याच्यासाठी वाफ्यात रोपेच शिल्लक नसतात. पेशी-उपचाराची कल्पना या उणिवेतून निर्माण झाली. रोप हलविण्याऐवजी बियाणे वाढवावे, असा तिचा आशय.

उंदराच्या मिशांपासून

बियाणे कोणते, हे शोधण्याचे काम टकलावर उपाय शोधणाऱ्यांनी केलेले नाही, ते भ्रूणविज्ञानाच्या अभ्यासकांनी केले. केशपुटकाच्या तळाशी अंतस्त्वचेतील पेशींचा एक छोटा पुंजका असतो, त्याला त्वचीय अंकुरक म्हणतात. इंग्लंडमधील प्राणिशास्त्रज्ञ जॅक कोहेन यांनी १९६१ मध्ये उंदीर व गिनीपिग यांच्या मिशांतील सुटे अंकुरक काढून त्यांचे प्रत्यारोपण केले. मिशांचे केशपुटक आकाराने मोठे असल्याने सूक्ष्मदर्शकाखाली हाताने त्यांवर काम करता येते, हे त्या निवडीचे साधे कारण होते. स्कॉटलंडमधील डंडी येथे रॉय ऑलिव्हर यांनी १९६६ व १९६७ मध्ये हे काम पुढे नेले. अंकुरक काढून टाकला की केस थांबतो. केशपुटकाचा खालचा थोडा भागच कापला असेल तर सभोवतालच्या त्वचीय आवरणातील पेशी नवा अंकुरक तयार करतात आणि केस पुन्हा येतो. त्याहून अधिक भाग कापल्यास तो आपोआप येत नाही, परंतु अशा निष्क्रिय केशपुटकात दुसरीकडचा अंकुरक ठेवला तर केस पुन्हा वाढू लागतो. केस प्रत्यक्षात बाह्यत्वचेच्या पेशी घडवितात, पण तो घडवा असा आदेश अंकुरक देतो, एवढे या प्रयोगांतून निर्विवाद ठरले.

पुढील पायरी १९८४ ची. कॉलिन जहोदा, के. ए. हॉर्न आणि ऑलिव्हर यांनी अंकुरकाच्या पेशी काचपात्रात वाढवून त्या पुन्हा उंदरात घातल्या व केस उगविला. हा निबंध ‘नेचर’मध्ये आला. एका अंकुरकापासून अनेक अंकुरकांपुरत्या पेशी मिळविता येतील, ही शक्यता त्यातून प्रथमच दृष्टिपथात आली. पण या कामात एक प्रतिकूल नोंदही होती. काचपात्रातील पहिल्या काही पिढ्यांच्या पेशीच केस उगवू शकत होत्या, पुढच्या पिढ्यांत ते सामर्थ्य नाहीसे होत होते. पुढील तीस वर्षांच्या अपयशाचे कारण या नोंदीत होते, परंतु त्या वेळी उत्साहाच्या भरात तिच्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही.

मानवावरील पहिला ठळक प्रयोग १९९९ साली प्रसिद्ध झाला. अमँडा रेनॉल्ड्स, जहोदा, कोलंबिया विद्यापीठाच्या अँजेला क्रिस्टियानो व सहकारी यांनी एका पुरुषाच्या डोक्यावरील त्वचीय आवरणाच्या पेशी एका स्त्रीच्या बाहूवरील त्वचेत रुजविल्या. संशोधकांनी आपल्याच देहावर केलेला हा प्रयोग होता. त्या ठिकाणी नवे केशपुटक तयार झाले, केस बाहूवरील नेहमीच्या लवीपेक्षा जाड आले आणि केशपुटकांत पुरुषी गुणसूत्राची खूण सापडली. विशेष म्हणजे दात्री-ग्राहकांचा काहीही जनुकीय मेळ नसताना शरीराने त्या पेशी नाकारल्या नाहीत. नमुना अर्थातच अत्यंत लहान होता. पण वृत्तपत्रांनी तो लहान राहू दिला नाही. टक्कल आता काही वर्षांचेच पाहुणे आहे, अशी भाषा या वेळेपासून रूढ झाली.

कंपन्यांचा काळ

या प्रयोगानंतर संशोधनाचे केंद्र विद्यापीठांतून कंपन्यांकडे सरकले. सामान्य टक्कल हा प्राणघातक विकार नसल्यामुळे त्यासाठी सार्वजनिक निधी मिळणे अवघड असते, आणि ग्राहक मात्र कोट्यवधी असतात. त्यामुळे खासगी भांडवल येणे स्वाभाविक होते. ब्रिटनमधील इंटरसायटेक्स आणि जपानी विगनिर्मात्या अॅडेरान्स कंपनीची अमेरिकेतील संशोधनसंस्था या दोन संस्थांनी रुग्णाच्या स्वतःच्या अंकुरक पेशी वाढवून त्या डोक्यात टोचण्याच्या चाचण्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत नेल्या. इंटरसायटेक्सला पैशाची टंचाई भेडसावू लागली आणि तिचे हे काम अॅडेरान्सकडे गेले. २०१३ मध्ये अॅडेरान्सनेही संशोधनसंस्थेचा निधी थांबविला व तो अध्याय बंद झाला.

या चाचण्यांविषयी जे कळते ते बहुतांशी कंपन्यांनी भांडवलदारांसाठी काढलेल्या निवेदनांतून कळते. इतिहासकाराच्या दृष्टीने ही गंभीर अडचण आहे. विद्यापीठातील फसलेला प्रयोग निदान प्रबंधात तरी उरतो. कंपनी बंद पडली की तिच्या चुकाही तिच्याबरोबर पुरल्या जातात, आणि पुढच्याला त्याच खड्ड्यात पुन्हा पाय घालावा लागतो.

अपयशाला अर्थकारणाचीही बाजू होती. शरीराबाहेर वाढविलेल्या पेशी या अमेरिकन नियमांनुसार साधे ऊतक मानल्या जात नाहीत. त्या जैविक औषध ठरतात आणि त्यांना औषधाइतक्याच कठोर चाचण्यांतून जावे लागते. ही अट योग्यच आहे. परंतु येथे प्रत्येक रुग्णाच्या पेशी वेगळ्या, म्हणजे प्रत्येक रुग्णासाठी औषधाचा एक स्वतंत्र घाणा. एका कारखान्यात लाखो गोळ्या एकाच सूत्राने तयार होतात तसा हा व्यवहार नाही. दुसऱ्या बाजूस मिनॉक्सिडिलला १९८८ मध्ये आणि फिनास्टेराइडच्या कमी मात्रेच्या गोळीला १९९७ मध्ये अमेरिकेत टकलासाठी मान्यता मिळालेली होती. ही औषधे नवे केशपुटक निर्माण करीत नाहीत, असलेले टिकवितात आणि काही अंशी जोमदार करतात. पण ती स्वस्त व सुलभ आहेत, आणि नव्या उपचाराची तुलना त्यांच्याशी होणे अटळ होते.

पेशीची विस्मृती

अर्थकारणापेक्षा मोठा अडथळा जीवशास्त्राचा होता. काचपात्राच्या सपाट तळावर पसरून वाढताना अंकुरक पेशी आपली ओळख हरवून बसते. ती जिवंत असते, विभागत असते, पण केस उगविण्याचा आदेश देण्याचे विसरते. उंदराच्या पेशींना या विस्मृतीतून काही प्रमाणात बाहेर काढता आले. मानवी पेशींच्या बाबतीत ते फार कठीण ठरले.

क्लेअर हिगिन्स, क्रिस्टियानो, जहोदा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये या अडचणीवर एक साधा वाटणारा उपाय योजला. उंदराच्या अंकुरक पेशी काचपात्रात आपसूक एकत्र येऊन गोळा करतात, मानवी पेशी तसे करीत नाहीत, हा फरक त्यांनी हेरला. मग मानवी पेशी पोषकद्रवाच्या लोंबत्या थेंबात वाढविल्या. थेंबाला तळ नसल्याने पेशी गुरुत्वाकर्षणाने एकवटल्या व त्यांचे गोळे झाले. हे गोळे मानवी त्वचेच्या केशहीन तुकड्यात घालून तो तुकडा उंदराच्या पाठीवर कलम केला. सात दात्यांपैकी पाच जणांच्या पेशींनी नवे केशपुटक निर्माण केले. सपाट संवर्धनात बिघडलेल्या जनुकांच्या कार्यापैकी सुमारे एक पंचमांशच भाग गोळ्यांत पूर्वपदावर आला होता, तरी तेवढ्यावर केस उगवले. १९८४ च्या त्या प्रतिकूल नोंदीचा अर्थ लागायला अशी जवळजवळ तीन दशके जावी लागली.

जपानमध्ये ताकाशी त्सुजी यांच्या गटाने निराळा मार्ग धरला. केवळ अंकुरक पेशी टोचून त्या आपला मार्ग शोधतील अशी आशा करण्यापेक्षा बाह्यत्वचेच्या मूलपेशी आणि अंकुरक पेशी यांचा संयोग आधीच घडवून केशपुटकाचे बीज तयार करावे, असा तो विचार होता. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात बीजाच्या मध्यातून नायलॉनचा बारीक धागा ओवला होता. त्यामुळे नव्या केसाला त्वचेबाहेर येण्याची वाट मिळाली. उगवलेला केस आपल्या चक्रानुसार गळला व पुन्हा आला, त्याला केस उभारणारा स्नायू जोडला गेला आणि मज्जातंतूही येऊन मिळाले. टक्कल असलेल्या पुरुषांच्या पेशींपासूनही उंदरात असा केस तयार झाला. २०१६ मध्ये रिकेन संस्था, क्योसेरा आणि ऑर्गन टेक्नॉलॉजीज यांनी हा उपचार २०२० पर्यंत प्रत्यक्षात आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. ते उद्दिष्ट साध्य झाले नाही. पुढे २०२२ मध्ये योकोहामा येथील जुंजी फुकुदा यांच्या गटाने उंदराच्या भ्रूणपेशींपासून देहाबाहेर, काचपात्रातच, तेवीस दिवसांत सुमारे तीन मिलिमीटर लांबीचा केस वाढविला.

टक्कल म्हणजे ओसाड जमीन?

या सर्व प्रयत्नांमागे एक गृहीत होते, ते म्हणजे टकलाच्या जागी केस घडविणाऱ्या पेशी उरलेल्या नसतात. त्याला २०११ मध्ये धक्का बसला. केशपुटकाच्या मधल्या फुगवट्यात मूलपेशी असतात हे जॉर्ज कॉत्सारेलिस, तुंग-त्येन सन व रॉबर्ट लॅव्हकर यांनी १९९० मध्येच दाखविले होते. आता लुईस गार्झा, कॉत्सारेलिस व सहकाऱ्यांनी प्रत्यारोपणासाठी आलेल्या पुरुषांच्या डोक्यावरील टकलाचा भाग आणि त्याच व्यक्तीचा केसाळ भाग यांची तुलना केली. मूलपेशींची संख्या दोन्हीकडे सारखीच निघाली. उणीव होती ती मूलपेशींपासून पुढे तयार होणाऱ्या व केसाच्या वाढीत प्रत्यक्ष भाग घेणाऱ्या पूर्वगामी पेशींची. म्हणजे बियाणे जागेवर आहे, त्याला कोंब फुटत नाही. गळणे वेगळे आणि पुन्हा न उगवणे वेगळे, हा जुना भेद येथे पेशींच्या भाषेत पुन्हा समोर आला.

यामुळे संशोधनाचा एक प्रवाह पेशी घालण्याकडून पेशी जागविण्याकडे वळला. २०१७ मध्ये लॉस एंजेलिस येथील विल्यम लॉरी व हेदर क्रिस्टोफ्क यांच्या गटांनी, केशपुटकाच्या मूलपेशींतील लॅक्टेटची निर्मिती वाढविली तर त्या विश्रांतीतून लवकर बाहेर येतात, असे उंदरांत दाखविले. त्या सूत्रावर आधारलेल्या, त्वचेवर लावण्याच्या औषधाच्या मानवी चाचण्या पुढे सुरू झाल्या. पेशींचे ज्ञान वापरून पेशीविरहित उपचार करावा, असे हे वळण आहे, आणि व्यवहारात तेच अधिक पुढे जाण्याचा संभव आहे.

पेशी टोचण्याच्या मार्गावरील सर्वांत भक्कम पुरावा मात्र जपानमधूनच आला. कॅनडातील रेप्लिसेल कंपनीच्या, त्वचीय आवरणाच्या तळाकडील पेशी वापरण्याच्या तंत्राचे आशियातील हक्क शिसेइदो कंपनीने २०१३ मध्ये घेतले. टोकियोमधील र्योजी त्सुबोई व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ५० पुरुष व १५ स्त्रियांचा समावेश होता. प्रत्येकाच्या डोक्यावर पेशींच्या निरनिराळ्या मात्रा व निष्क्रिय द्रव टोचण्यात आले आणि कोठे काय टोचले हे दोन्ही पक्षांना अज्ञात ठेवले होते. सर्वांत कमी मात्रेच्या, म्हणजे ३ लक्ष पेशींच्या जागी सहा व नऊ महिन्यांनी केसांची घनता व एकूण जाडी निष्क्रिय द्रवाच्या तुलनेत लक्षणीय वाढली. मोठ्या मात्रांपेक्षा लहान मात्रा सरस ठरणे हे अनपेक्षित होते. वाढ माफक होती, हेही नमूद केले पाहिजे. अगदी गुळगुळीत डोक्यावर केसांचे रान उभे राहिले, असे येथे घडलेले नाही.

भारतातील व्यवहार

भारतात या इतिहासाचा परिणाम प्रयोगशाळेपेक्षा जाहिरातींत अधिक दिसतो. मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत ‘स्टेम सेल’ या शब्दाने केसांचे उपचार विकले जातात. त्यांपैकी अनेक ठिकाणी प्रत्यक्षात रुग्णाच्या रक्तातील बिंबिकांनी समृद्ध द्रव, म्हणजे पीआरपी, टोचला जातो. बिंबिकांना केंद्रकही नसते, त्या मूलपेशी नव्हेत. काही अभ्यासांत या द्रवाचा लाभ दिसला आहे, तो नाकारण्याचे कारण नाही, पण त्याला मूलपेशींचे नाव देणे ही फसवणूकच होय. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकारांवरील मान्य प्रत्यारोपणे वगळता मूलपेशींचा वापर केवळ मंजूर चिकित्सालयीन चाचणीतच करता येतो. २०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियमांनी मूलपेशीजन्य उत्पादनांना नवीन औषधांच्या व्याख्येत आणले. केशप्रत्यारोपण कोणी करावे याविषयी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सूचना काढल्या. तरतुदी आहेत, परंतु विवाह ठरण्याच्या वयात केस विरळ होऊ लागलेला तरुण, किंवा बाळंतपणानंतर अथवा रजोनिवृत्तीनंतर भांग रुंदावत चाललेली स्त्री, राजपत्र वाचून दवाखान्यात जात नाही. शिवाय अशा ठिकाणी फसलेला रुग्ण संकोचामुळे तक्रारही करीत नाही.

भाजलेल्या त्वचेचा प्रश्न

या संशोधनाचा एक हक्कदार टकलाच्या चर्चेत बहुधा विसरला जातो. हॉवर्ड ग्रीन व जेम्स राइनवॉल्ड यांनी १९७५ मध्ये मानवी बाह्यत्वचेच्या पेशींचे संवर्धन साधले व त्यातून भाजलेल्या रुग्णांसाठी त्वचेचे पडदे तयार करणे शक्य झाले. त्या पडद्यांनी अनेकांचे प्राण वाचविले, पण त्या त्वचेला केस नसतात, घर्मग्रंथी नसतात. स्वयंपाकघरात भाजलेल्या स्त्रियांची संख्या ज्या देशात मोठी आहे, तेथे हा प्रश्न केवळ सौंदर्याचा उरत नाही. कार्ल कोहलर यांच्या गटाने २०२० मध्ये मानवी बहुक्षम मूलपेशींपासून केशपुटके, स्निग्धग्रंथी व मज्जातंतूंसह त्वचा तयार केली आणि ती उंदरावर कलम केली असता तिच्यावर केस आले. ही त्वचा काचपात्रात परिपक्व होण्यास चार ते पाच महिने लागतात. भाजलेल्या जखमेला इतकी सवड नसते. त्यामुळे रुग्णाच्या स्वतःच्या पेशींची वाट न पाहता दुसऱ्याच्या, आधीच तयार करून साठविलेल्या पेशी वापरता येतील काय, हा १९९९ च्या त्या बाहूवरील प्रयोगाने उपस्थित केलेला प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो.